मदत हवी आहे: रोज खिशात ठेवायला स्वस्त, टिकाऊ घडीचा चाकू

कावलेला_काका:
घडीचा चाकू हवाय. स्वस्त आणि मस्त. आधीचा ढिला झालाय, पातं लटलट हलतं. व्हिडिओ बघून डोकं फिरलं, जो तो वेगळंच स्टील सांगतो. फक्त नाव सांगा, आजच मागवायचाय.

पाऊणशहाणी:
काका, कापायचं काय ते तरी लिहा! पाकिटं, दोरी, फांद्या? उघडल्यावर पातं अडकवून ठेवणारं लॉक हवं की नको?

रानभैरव:
ओपिनेल नंबर ८. विषय संपला. या कंपनीचे चाकू १८९० पासून बनताहेत. नंबर ८ म्हणजे साडेआठ सेंटिमीटरचं पातं, लाकडी मूठ. कार्बन स्टीलचाच घ्या, दगडावर चार हात मारले की धार तयार.

नटबोल्ट:
भिजला की लाकूड फुगतं आणि पातं आत रुतून बसतं, तेही सांगा की. कार्बन ओलं राहिलं तर डाग पडतात. घामट खिशात स्टेनलेसच बरं.

रानभैरव:
पुसून तेलाचं बोट फिरवायला काय जातं? काहींना चाकू वापरायचा नसतो, मिरवायचा असतो.

विमानवेडा:
विमानात हातातल्या सामानात ठेवू नका हं, काढून घेतात. चेक-इनच्या बॅगेत टाका.

कावलेला_काका:
विमान कुठून आलं मध्येच? खोकी, पॅकिंगच्या पट्ट्या, नायलॉनची दोरी, बस्स. एका हातात सामान असतं, त्यामुळे दुसऱ्या हाताने उघडता आला पाहिजे.

नटबोल्ट:
मग ओपिनेल बाद. खाचेत नख अडकवून दोन्ही हातांनी उघडा, वर ती लॉकची कडी फिरवा. लाल मुठीचे छोटे व्हिक्टोरिनॉक्सही तसेच, त्यात बहुतेकांना पात्याचं लॉकच नसतं. ८सीआर१३एमओव्ही नावाच्या स्टीलचा, लायनर लॉकवाला (आतली पत्र्याची पट्टी पातं अडकवते तो) चाकू घ्या. स्वस्त असतं, धारही पटकन लागते.

फक्त_वाचक:
खोक्यांसाठी पाती बदलायचा कटर का नको? धार लावायची कटकटच नाही.

पाऊणशहाणी:
जुना फेकण्याआधी बिजागरीचा स्क्रू आवळून बघितलात का? बहुधा टॉर्क्स (चांदणीच्या खाचेचा) असतो, भलतंच टोक घातलंत तर डोकं झिजेल.

कावलेला_काका:
आवळतो, पुन्हा सैल होतो. आणि बंद करताना बोटं वेडीवाकडी करावी लागतात. मी डावखुरा आहे, पण त्याचा काय संबंध?

पाऊणशहाणी:
काका!! हे आत्ता सांगताय? लायनर लॉकमध्ये पात्याच्या बुडाशी जी पत्र्याची पट्टी येऊन बसते, ती बहुतेक चाकूंत उजव्या अंगठ्याने ढकलायच्या बेताने बसवलेली असते. डाव्या हाताला तर्जनीने ओढावी लागते. तुम्ही बॅक लॉक बघा: मुठीच्या पाठीवर दाबायचं, हात कुठला का असेना. पातं अंगठ्याने उघडायची खुंटी दोन्ही बाजूंना हवी, खिशाला अडकवायची क्लिप पालटता यायला हवी. जुन्याच्या स्क्रूला निळ्या थ्रेडलॉकरचा (स्क्रू सैल होऊ न देणाऱ्या गोंदाचा) एक थेंब लावा, तो तेवढ्यावरही सुधारेल. बिजागरीत मात्र जाऊ देऊ नका.

नटबोल्ट:
हे पटलं. लायनर लॉक मागे घेतो.

कावलेला_काका:
बरं, बॅक लॉक शोधतो. धारेसाठी ते खाचेतून पातं ओढायचं यंत्र चालेल ना?

रानभैरव:
मुळीच नाही! धातू खरवडून काढतं ते. दगड घ्या, १००० ग्रिटचा (ग्रिट म्हणजे दगडाचा बारीकपणा), पातं दगडाशी २० अंशाच्या कोनात धरा.

नटबोल्ट:
१५ धरा.

रानभैरव:
पॅकिंगच्या पट्ट्या कापायच्यात त्यांना, दाढी नाही करायची!