ग्लायडर उडवताना कॉकपिटमध्ये वस्तू पडली किंवा कॅनॉपी उघडली, तर काय करावे?

कर्वेनगरचा शिकाऊ

नमस्कार. मी पुण्यात राहतो आणि गेल्या काही महिन्यांपासून सुट्टीच्या दिवशी बाहेरगावी जाऊन ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनाचे विमान, चालवायला शिकतो आहे. चूक माझी असल्यामुळे ठिकाणाचे नाव मुद्दाम लिहीत नाही. गेल्या रविवारी विंचने, म्हणजे जमिनीवरून केबलने ग्लायडर ओढून वर चढवणाऱ्या यंत्राने, वर जाताना माझ्या शर्टाच्या खिशातला मोबाइल निसटला आणि आसनाच्या कडेच्या फटीतून खाली गेला. केबल सोडल्यावर तो चाचपण्यासाठी मी वाकलो, तेवढ्यात नाक खाली जाऊन वेग वाढू लागला आणि मागे बसलेल्या सरांनी ‘आय हॅव कंट्रोल’ म्हणत ताबा घेतला. उतरल्यावर आसन काढून मोबाइल हाती लागेपर्यंत त्यांनी पुढचे उड्डाण होऊ दिले नाही आणि रांगेतले चौघे उन्हात ताटकळले. मला हे थोडे अति वाटले. खरोखर एवढा धोका असतो का? आणि पुढे मी एकटा असताना कॅनॉपी, म्हणजे कॉकपिटवरचे पारदर्शक झाकण, उघडली, तर नेमके काय करावे?

सासवड रोड

आपल्या सरांनी केले ते अति नव्हते. मी बरीच वर्षे शिकवण्याचे काम केले आहे आणि त्यांच्या जागी असतो तर मीही तेच केले असते.

दोन आसनी ग्लायडरमध्ये पुढची आणि मागची स्टिक, म्हणजे हातात धरून ग्लायडर चालवण्याची काठी, आसनांखालून जोडलेली असते आणि तिथूनच दांडे मागे शेपटीकडे जातात. तिथे पडलेली वस्तू लगेच अडकेलच असे नाही. जमिनीवर स्टिक मोकळी फिरते, हवेतही फिरते, आणि उतरताना जमिनीपासून थोड्या उंचीवर ती पूर्ण मागे ओढण्याची वेळ येते तेव्हाच अडते. इंजिन नसल्यामुळे पुन्हा वर जाऊन दुसरा प्रयत्न करण्याची सोय ग्लायडरमध्ये नाही. मोठी विमानेही यातून सुटलेली नाहीत. 9 फेब्रुवारी 2014 रोजी ब्रिटिश हवाई दलाचे व्हॉयेजर विमान प्रवासी घेऊन अफगाणिस्तानकडे जात असताना कप्तानाचा कॅमेरा आर्मरेस्ट आणि साइडस्टिक (आसनाच्या बाजूला असलेली स्टिक) यांच्यामध्ये सापडला. त्याने आसन पुढे सरकवताच साइडस्टिक पुढे दाबली गेली आणि विमान 4,400 फूट खाली आले. तिथे 33,000 फुटांची उंची हाताशी होती. विंचने आपल्याला हजार-दीड हजार फूट मिळाले तरी आपण खूश असतो.

म्हणून वस्तू पडली की ती शोधायची नाही. स्टिक हलकेच हलवून मोकळी आहे का ते पाहावे, सरांना सांगावे आणि मैदान सोडून लांब न जाता उतरावे.

कॅनॉपीचेही तसेच. ती उघडली की वाऱ्याचा भयंकर आवाज होतो, टोपी उडते, कधी काच फुटते. तरीही ग्लायडर उडत राहतो. माणसे दगावतात ती बहुधा एका हाताने कॅनॉपी धरण्याच्या धडपडीत, कारण तेवढ्या वेळात नाक कुठे आहे याकडे कोणाचे लक्ष नसते. केबल लागलेली असो वा सुटलेली, आधी नाक आणि वेग सांभाळावा. हवेचा अडथळा वाढल्याने ग्लायडर नेहमीपेक्षा लवकर खाली येईल, हे धरून मैदानाजवळ राहावे आणि कॅनॉपीचे काय झाले ते उतरल्यावर पाहावे.

स्पॅनर

मी देखभालीच्या बाजूचा माणूस आहे, त्यामुळे मला या गोष्टी जमिनीवरच दिसतात. कॅनॉपी बंद केल्यावर लॉककडे नुसते पाहू नये; आतून वर ढकलून पाहावे. एअरब्रेकचा, म्हणजे पंखातून बाहेर येऊन ग्लायडर लवकर खाली आणणाऱ्या पट्ट्यांचा, लिव्हर पुढे सारला म्हणजे तो लॉक झाला असे नव्हे. लॉक बसल्याचा झटका हाताला जाणवला पाहिजे. नाही तर विंचच्या ओढीत एअरब्रेक बाहेर येतात आणि वर चढण्याच्या धांदलीत वैमानिकाला ते कळतही नाही. ग्लायडर सुटा करून पुन्हा जोडला असेल, तर एकाने एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारी शेपटीवरची हलती पट्टी) हाताने धरावा आणि दुसऱ्याने स्टिक हलवून जोर पोहोचतो का ते पाहावे. एलिव्हेटर न जोडताच उड्डाण केल्याने अपघात झालेले आहेत.

एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही, ती उशीची. बुटके विद्यार्थी घरून मऊ उशी आणतात. विंच काही सेकंदांत ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास वेग देते. त्या ओढीने उशी दबते, माणूस मागे सरकतो आणि त्याच्या हातातली स्टिकही मागे येते. नेमक्या त्याच क्षणी नाक गरजेपेक्षा जास्त वर जाणे फार वाईट. उशी हवीच असेल, तर ती न दबणाऱ्या कठीण फोमची असावी.

‘मोबाइल आणूच नका’ असे इथे कोणी सुचवेल, पण ते मला पटत नाही. शेतात उतरावे लागले, तर त्याच्याशिवाय निरोप कसा देणार? तो चेनच्या खिशात ठेवावा, एवढे पुरे.

घार

29 डिसेंबर 1972 रोजी ईस्टर्न एअरलाइन्सच्या 401 क्रमांकाच्या विमानातले सगळे वैमानिक एका जळालेल्या छोट्या दिव्यात गुंतले होते आणि तेवढ्यात विमान फ्लोरिडातल्या दलदलीत उतरत गेले. त्यात 101 माणसे गेली. आपण मोबाइलसाठी वाकलात, ती याच जातीची चूक होती. घटना क्लबच्या नोंदवहीत लिहून ठेवा; इजा झाली नाही म्हणून लोक लिहीत नाहीत आणि पुढच्या विद्यार्थ्याला ती फट ठाऊकच नसते.

कर्वेनगरचा शिकाऊ

सर्वांचे आभार. नोंद येत्या शनिवारी करतो आणि उशीही बदलतो; माझी मऊच आहे. एक गोष्ट मात्र आता आठवली. त्या दिवशी आसनाखालून माझ्या मोबाइलबरोबर पेनाचे एक टोपण आणि पाच रुपयांचे नाणेही निघाले होते. ती दोन्ही माझी नव्हती.