मदत हवी आहे: विंडोज ११ टाकल्यापासून लॅपटॉप सुरू होत नाही

कास_पठार
विंडोज १० चं ११ करून घेतलं, तेव्हापासून लॅपटॉप सुरूच होत नाही. सगळं करून पाहिलं, आता रडकुंडीला आलेय. २० तारखेच्या आत जीएसटीचं ३बी रिटर्न भरायचंय आणि टॅलीचा, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा, डेटा लॅपटॉपमध्येच आहे. कुणीतरी लवकर सांगा. फॉरमॅट मारा असं कृपया सांगू नका.

जुना_खिळा
"सुरू होत नाही" म्हणजे नक्की काय? चार्जिंगचा दिवा लागतो का? पंख्याचा आवाज येतो का? लोगो दिसतो का? आणि "सगळं" म्हणजे काय काय केलंत?

निवृत्त_मास्तर
चार्जर काढा, पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा, सोडा, मग चार्जर लावून चालू करा. माझ्या मुलीचा लॅपटॉप असाच मेल्यासारखा पडला होता, याने लगेच चालू झाला. आधी हे करा, बाकीचं नंतर.

कास_पठार
मास्तर, ते केलं. दिवा लागतो, लोगो येतो, मग निळी स्क्रीन. त्यापुढे जातच नाही.

पेंग्विन_नगरकर
ताई, ओळखीतल्या कुणाच्या कॉम्प्युटरवर लिनक्स मिंटचा (विंडोजऐवजी चालणारी सिस्टीम) पेनड्राइव्ह बनवून घ्या. त्यावरून लॅपटॉप चालू करा आणि टॅलीचं फोल्डर दुसऱ्या पेनड्राइव्हवर ओढून घ्या. डेटा हातात आला की पुढचं निवांत. मी कित्येकांचा डेटा असाच काढून दिलाय.

घडीव
थांबा, एवढ्यात पेनड्राइव्ह नको. ताई, निळ्या स्क्रीनवर काय लिहिलंय ते शब्दशः टाका, किंवा फोटो टाका. निळ्या स्क्रीन अनेक प्रकारच्या असतात.

कास_पठार
रिकव्हरी की टाका असं म्हणतंय. खाली आकड्यांसाठी चौकट आणि त्याखाली एक लांबलचक "की आयडी". बिटलॉकर असा शब्द आहे. मी असलं काही कधी चालू केलेलं नाही, मला कुणी कसलाही नंबर दिलेला नाही. दुकानदार म्हणतो, विंडोज खराब झालंय, ८०० रुपयांत फॉरमॅट करून देतो.

घडीव
दुकानदार? म्हणजे अपग्रेड दुकानात झालं? ११ टाकल्यावर एकदा तरी नीट चालू झाला होता का? आणि त्याने बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) काही केलं का?

कास_पठार
हो, दुकानात ११ चालू झालेलं मी स्वतः पाहिलं. मग तो म्हणाला, बायोस जुना आहे, तोही अपडेट करून देतो. घरी आणल्यापासून हे असं.

घडीव
मग विंडोज खराब नाही आणि डेटाही जागेवर आहे. तुमची डिस्क एन्क्रिप्ट केलेली आहे, म्हणजे बिटलॉकरने तिला कुलूप लावलंय. तिची किल्ली टीपीएम नावाच्या चिपच्या ताब्यात असते. चालू होताना मशीन नेहमीसारखं आहे ना, हे ती तपासते. बायोस बदलला की हिशेब जुळत नाही, मग ती किल्ली देत नाही आणि स्क्रीन ४८ आकडी की मागते. बायोस अपडेट करण्याआधी हे संरक्षण तात्पुरतं थांबवायचं असतं, ते दुकानात राहून गेलेलं दिसतंय. फॉरमॅट अजिबात करू देऊ नका.

पेंग्विन_नगरकर
लिनक्सवरून बिटलॉकरची डिस्क उघडते. मी उघडलीय.

घडीव
उघडते, पण की किंवा पासवर्ड हातात असेल तरच. ताईंकडे तेच नाही. कृपया त्यांना दिवसभर पेनड्राइव्ह बनवायला लावू नका.

रोजमेळ
३बी पोर्टलवर भरायचं असतं, त्याला हाच लॅपटॉप कशाला? आर१, म्हणजे विक्रीच्या बिलांचं रिटर्न, भरलं असेल तर विक्रीचे आकडे ३बीत आपोआप येतात, खरेदीसाठी २बीचं विवरण तिथेच आहे. उशीर झाला तर दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क, निरंक असेल तर २०.

निवृत्त_मास्तर
तिमाहीवाल्यांना महाराष्ट्रात २२ तारीख आहे.

रोजमेळ
मास्तर, त्या २० म्हणतायत म्हणजे मासिकच असणार.

कास_पठार
मासिकच आहे. पण आर१ची बिलंही टॅलीतच अडकलीत, ते भरायचंच राहिलंय. कृपया लॅपटॉपचं बोला. ही की आणायची कुठून?

घडीव
मोबाइलवर मायक्रोसॉफ्टच्या खात्यात लॉगइन करा, "डिव्हायसेस"मध्ये जा. तिथे लॅपटॉपच्या नावाखाली रिकव्हरी की असते. स्क्रीनवरच्या की आयडीची पहिली ८ अक्षरं तिथल्या आयडीशी जुळली पाहिजेत. की इथे धाग्यात टाकू नका, फोनवर कुणी मागितली तरी देऊ नका.

सह्यवारा
न विचारता डिस्कला कुलूप लागतं हेच मला पटत नाही. सामान्य माणसाला कळणार कसं?

जुना_खिळा
माझा लॅपटॉप प्रवासात बसमधून चोरीला गेला. गिऱ्हाइकांचे पॅन, आधार सगळं त्यात होतं. डिस्कला कुलूप होतं म्हणून मला झोप लागली. मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॅपटॉप सेट केला की बऱ्याच मशीनवर हे आपोआप चालू होतं आणि ते चांगलंच आहे.

सह्यवारा
चांगलं आहे, पण की छापून ठेवा असं पहिल्याच दिवशी ठळक सांगायला हवं.

कास_पठार
माझ्या खात्यात गेले. लॅपटॉपचं नाव दिसतंय, पण एकही की नाही असं म्हणतंय.

घडीव
मग लॅपटॉप पहिल्यांदा सुरू केला तेव्हा कुणाचं खातं टाकलं होतं? की त्याच खात्यात गेलेली असते. ऑफिसचं किंवा कॉलेजचं खातं असेल तर तिथल्या आयटीवाल्यांकडे मिळेल.

कास_पठार
दादाने पुण्याहून सेट करून पाठवला होता! त्याला फोन लावते.

कास_पठार
मिळाली! दादाच्या खात्यात होती, ८ अक्षरं तंतोतंत जुळली. सहा-सहा आकड्यांचे आठ गट, तो फोनवर वाचत होता आणि मी टाकत होते. लॅपटॉप चालू झाला, टॅली उघडलं, सगळी बिलं जागेवर आहेत. घडीव, तुमचे फार फार आभार. मास्तर, खिळा, तुमचेही.

घडीव
वा! आता आधी टॅलीचं डेटा फोल्डर पेनड्राइव्हवर घ्या, मग रिटर्न. की कागदावर उतरवून कपाटात ठेवा. पुन्हा चालू करताना की मागितलीच, तर टाकून आत जा, बिटलॉकरचं संरक्षण एकदा थांबवून परत चालू करा. म्हणजे चिप नवा बायोस धरून चालेल.

पेंग्विन_नगरकर
अभिनंदन ताई. मिंट तरी एकदा वापरून बघाच.

मोगरा
याच धाग्यात विचारते. माझ्या लॅपटॉपचा प्रोसेसर इंटेलचा आय ५, सहाव्या पिढीचा आहे, ११ होणार नाही म्हणतात. काय करू?

सह्यवारा
मशीन ११ ला चालतं का ही तपासणी टाळून पेनड्राइव्हवरून टाकता येतं. मी तसंच वापरतोय, काही होत नाही.

जुना_खिळा
इंटेलला साधारण आठवी पिढी आणि टीपीएम २.० लागतं. तपासणी टाळून टाकलं तर पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी नाही, कामाच्या मशीनवर असं करू नये. १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. नोंदणी केली तर सुरक्षेचे अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात.

घडीव
मोगरा, वेगळा धागा काढा. रॅम किती, डिस्क एसएसडी की जुनी हार्ड डिस्क आणि लॅपटॉपवर काम काय करता, हे तिन्ही त्यात लिहा.