आजोळच्या ट्रंकेत संगीन मिळाली, त्यावर १९०७ लिहिलंय, नक्की केव्हाची?

माणदेशी_गडी:
मंडळी नमस्कार. सातारा जिल्ह्यात आजोळी जुन्या ट्रंकेत एक संगीन मिळालीय. लाकडी मूठ, पातं बरोबर १२ इंच, म्यान नाही. एका बाजूला मुकुट, खाली जी आर, मग १९०७, मग ३ '१७ आणि विल्किन्सन. दुसऱ्या बाजूला बाण आणि फुलीसारखं काहीतरी. मुठीच्या टोकाला आरपार भोक आहे. आईचे पणजोबा ११० नंबरच्या मराठा पलटणीत, पहिल्या महायुद्धात इराकमधल्या कूतच्या वेढ्यात होते आणि ही त्यांनीच आणली असं घरात सगळे सांगतात. खरं असेल का? आणि पात्यावरची पन्हळ रक्त वाहून जायला असते ना?

जुनंपुराणं:
भारी वस्तू आहे, जपा. १९०७ हे बनवल्याचं वर्ष नाही, तो नमुन्याचा नंबर समजा, इथे नव्वद टक्के लोक फसतात. तारीख म्हणजे ३ '१७, मार्च १९१७. विल्किन्सन ही बनवणारी इंग्लिश कंपनी. बाण म्हणजे ब्रिटिश सरकारी माल, त्या बाणाखाली आय असेल तर भारताच्या खात्यातला. फुली म्हणजे पातं वाकवून तपासल्याची खूण. भोक घाण बाहेर पडायला, ते १९१६ पासून आलं. मूठ आणि पात्यामधल्या आडव्या पट्टीला खाली वळलेला आकडा असता तर १९१३ च्या आधीची ठरली असती आणि भाव कुठल्या कुठे गेला असता. पन्हळ वजन कमी करायला असते, रक्ताचं सगळं पारावरच्या गप्पांमधलं.

आता मुद्द्याचं, या नमुन्याचं पातं मुळात १७ इंच असतं. तुमचं १२ आहे म्हणजे नंतर कापलंय, दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास भारतात अशा बऱ्याच कापल्या. पन्हळ पार टोकाजवळ जाऊन भिडते का बघा, भिडत असेल तर कापलेलीच.

माणदेशी_गडी:
हो भिडते, अगदी टोकापर्यंत. मग कूतचं काय?

शस्त्रवेडा:
कूत पडलं २९ एप्रिल १९१६ ला, जनरल टाउनशेंड अख्ख्या फौजेसकट शरण गेला आणि आपली माणसं तुर्कांच्या कैदेत गेली. ही संगीन त्यानंतर अकरा महिन्यांनी इंग्लंडात बनली, शिवाय कैदेतून कोण संगीन घेऊन येतंय. पणजोबा कूतला असतीलच, त्यावर शंका नाही, पण ही त्यांची नाही.

रिटायर्ड_हवालदार:
घरात नंतर कोणी पोलिसात, होमगार्डमध्ये होतं का ते विचारा आधी. ही संगीन जिला बसते ती थ्री नॉट थ्री रायफल आपल्याकडे किती वर्षं चालली सगळ्यांना माहितीय, आणि साठच्या दशकात इशापूरच्या सरकारी कारखान्यात ७.६२ ची जी रायफल निघाली तिलाही हीच संगीन बसते. त्यामुळे कापलेल्या संगिनी स्वातंत्र्यानंतरही वापरात होत्या. मुठीच्या टोकावर किंवा आडव्या पट्टीवर नंबर ठोकलेला असतो, त्याचा फोटो टाका.

माणदेशी_गडी:
मामांचे सासरे एसआरपीत होते!! विचारतो. पॉलिश पेपर मारला तर चालेल का, गंज आहे थोडा.

जुनंपुराणं:
अजिबात नको!!! ठोकलेल्या खुणा गेल्या की नुसतं लोखंड उरतं. मशीनचं पातळ तेल लावून एक रात्र ठेवा, जाड फडक्याने पुसा, फार तर बारीक स्टील वूल हलक्या हाताने, खुणांवर तेही नको. लाकडाला जवसाचं तेल एकदा.

शस्त्रवेडा:
आणि कायद्याचं बघून घ्या. शस्त्र नियमात ९ इंचाहून लांब पात्याच्या हत्यारांत संगीन नाव घेऊन लिहिलीय, अधिसूचित भागात ती बाळगायला परवाना लागतो, तेव्हा पोलीस ठाण्यात विचारा आणि मिरवणुकीत वगैरे काढू नका. शंभर वर्षांपुढची असल्याने पुरावशेष कायद्यातही येते, परदेशातल्या कोणी मागितली तरी पाठवता येत नाही.