शेवरलेट ट्रकची कॅब उतरवायची आहे, शेडच्या कैचीला चेन पुली टांगू का?

जुना_शेवरलेट (वाडी, नागपूर)

1951 ची दीड टनी शेवरलेट आहे, मागे जोड चाकं. हौदा, बोनेट, पुढची मडगार्डं, रेडिएटर उतरवून झालं, आता चासीवर नुसती कॅब उरली आहे. चासी सॅण्डब्लास्टिंगला पाठवायची म्हणून कॅब काढून राहिलो. हायड्रा (चाकांवरची क्रेन) आत येत नाही, गल्लीचं वळण नडते.

मापं: कॅब तळापासून टपापर्यंत 56 इंच. मागच्या टायरचा माथा जमिनीपासून 36 इंच. जोड चाकं बाहेरून बाहेर 7 फूट 1 इंच. शेडची कैची (छपराचा लोखंडी त्रिकोणी सांगाडा) साडेदहा फुटांवर. जमीन मुरुमाची, खाली काळी माती.

एक टनाची चेन पुली कैचीला टांगली तर चालेल का? नाहीतर 2 इंची जीआय पाइप पडून आहेत, त्यांची घोडी करतो, म्हणजे दोन बाजूंना खांब आणि वर आडवा दांडा. इंजिन काढायची क्रेनही मिळू शकते. घोडी किती उंच लागेल ते मात्र कळत नाही.

फॅब्रिकेशनवाला

कैचीला टांगू नका. ती पत्रे आणि वारा पेलायला बनवलेली असते, आणि तो भार पर्लिनमधून (पत्र्यांखालच्या आडव्या पट्ट्या) वरच्या सांध्यांवर येतो. खालच्या पट्टीच्या मधोमध पाव टन लटकवला की पट्टी तिथेच वाकते, मग वरचे सांधे उघडतात.

2 इंची पाइपही नको. रिकामी कॅब 250 किलो धरा. 9 फुटांच्या गाळ्यात मधोमध एवढा भार आला की मध्यम जाडीच्या पाइपमध्ये 195 मेगापास्कलच्या आसपास ताण येतो, आणि असा पाइप साधारण 210 ते 240 ला वाकतो. म्हणजे एक झटका बसायचा अवकाश. आयएसएमबी 150 गर्डरमध्ये (150 मिमी उंचीचा आय-आकाराचा) त्याच भाराला 17-18 येतो. 10 फुटांचा तुकडा 45 किलोचा असतो, दोन माणसं चढवतात. इतवारीत जुना माल मिळेल, पण कडा गंजून पातळ झालेला आणि मध्ये गॅसने कापलेली भोकं असलेला घेऊ नका.

इंजिनची क्रेन कॅब उचलेल, पण तिचे पाय चाकांच्या वाटेत येतात. चासी बाहेर कुठून काढणार? आणि कॅब लटकवून क्रेनच ढकलायची म्हणाल, तर मुरुमावर एक चाक रुतलं की सगळं आडवं. कॅब जागेवर वर जाईल, खालून चासी जाईल, हाच क्रम ठेवा. ढकलायची ती चासी. चासी पुढेच काढायची. मागे नेली तर इंजिन कॅबखालून जातं आणि कॅब बरीच जास्त चढवावी लागते.

आता उंची. बहुतेक जण मधोमध एक पुली लावून चार पट्टे टपावरून खाली सोडतात. पट्टे, आडवा दांडा आणि पुली मिळून टपाच्या वर चार फूट खातात, म्हणजे 12 फूट. तुमच्या शेडमध्ये ते बसतच नाही. त्यापेक्षा दोन पुल्या घ्या, कॅबच्या दोन्ही बाजूंना एकेक. पुली आणि हूक कॅबच्या शेजारून खाली येतात, त्यामुळे गर्डर फक्त टपाला चुकवायला हवा.

हिशोब: टायर 36, त्यावर 2 इंच मोकळी जागा, कॅबखाली आडवी घालायची 3 इंची चॅनल, तिच्यावर 1 इंचाची फळी. कॅबचा तळ 42 वर. त्यात 56 मिळवले की टप 98 इंचांवर. गर्डरची खालची कड साडेआठ फुटांवर ठेवा, चार इंच हाताशी राहतात. शिवाय भार खांबांजवळ, दर बाजूला सव्वा फुटावर येतो, त्यामुळे गर्डरला अजूनच सोपं.

खांब 9 फूट अंतरावर. प्रत्येक बाजूला 65×65×6 अँगलचा ए-आकार, पायथ्याशी 5 फूट फाकलेला, खालून आडव्या अँगलने बांधलेला. वर 10 मिमी प्लेट, चार एम16 बोल्ट, 8.8 ग्रेडचे. खांब आणि गर्डरच्या कोपऱ्यात एक फुटी तिरपा अँगल दोन्हीकडे हवाच. लोक हाच वगळतात, आणि पहिली साखळी ओढताच घोडी एका अंगाला कलते. पायाखाली 12×12 इंचाची प्लेट, तिच्याखाली दोन इंची फळी. वळवाची सर येऊन गेली असेल तर त्या दिवशी काम करू नका. वर मुरूम दिसला तरी खालची काळी माती फुगलेली असते.

पट्टा गर्डरच्या कडेवरून गुंडाळू नका, कड त्याला कापते. बीम क्लॅम्प घ्या, किंवा 12 मिमी प्लेटचा कान खालच्या पट्टीला दोन्ही बाजूंनी भरून वेल्ड करा.

बाभूळ_ठोकळा

एवढं लोखंड एका कॅबसाठी? तीच 3 इंची चॅनल साडेनऊ फुटांची घ्या, दोन नग. एक फायरवॉलखाली (कॅबची इंजिनकडची भिंत), एक मागच्या भिंतीखाली आडवी घाला. टोकं जोड चाकांच्या बाहेर राहतील. प्रत्येक टोकाखाली बॉटल जॅक, शेजारी लाकडी ठोकळ्यांची चौकडी: दोन उभे, त्यावर दोन आडवे, असं रचत जायचं. एका वेळी एकच टोक, तेही दीड इंचच. जॅक सोडण्याआधी चॅनल ठोकळ्यावर टेकलेली पाहिजे. 39 इंच गाठायला वेळ जातो, पण काहीच लटकत नाही.

ठोकळे 4×4 इंच, 2 फूट लांब, बाभळीचे किंवा जुन्या सागाचे. सेंट्रिंगच्या बल्ल्या नको, गोल असतात, घरंगळतात. विटा आणि सिमेंटचे ब्लॉक तर अजिबात नको, ते आधी सांगून फुटत नाहीत. चौकडीची उंची पायाच्या रुंदीच्या दुपटीवर जाऊ देऊ नका.

फॅब्रिकेशनवाला

एकदाच उतरवायची असेल तर तुमची पद्धत बरोबर. पण रंग झाल्यावर कॅब परत बसवताना चार बोल्ट चार भोकांत आणायचे असतात. तिथे अर्धा इंच इकडे, पाव इंच तिकडे हे पुल्यांवर सोपं जातं, ठोकळ्यांवर नव्या रंगाचे हाल होतात. घोडी नंतर इंजिनलाही कामाला येते.

लीफस्प्रिंग

उचलण्याआधी काय काय सोडायचं ते कोणी लिहिलंच नाही.

सर्वांत आधी पेट्रोलची टाकी. 1949 पासूनच्या या शेवरलेटमध्ये ती कॅबच्या आत, सीटमागे असते. रिकामी केली म्हणजे झालं असं नाही, रिकाम्या टाकीत वाफ असते आणि पेटते ती वाफच. टाकी शेडच्या बाहेर ठेवल्याशिवाय ग्राइंडर, गॅस, वेल्डिंग काहीही सुरू करू नका. माउंटचे (कॅब चासीवर जिथे बसते त्या जागा) बोल्ट गंजलेले निघणारच. दोन दिवस तेल पाजा, तरी नाही हलले तर हॅक्सॉने कापा.

मग स्टिअरिंग. दांडा फ्लोअरमधून तिरपा वर येतो, कॅब सरळ वर घेतली की भोकात अडकतो. व्हील पुलरने काढा, डॅशबोर्डखालची पकड सोडा, ड्रॉप आर्म (स्टिअरिंग बॉक्सचा खालचा हात) सोडवा आणि बॉक्स चासीवरून उतरवून दांडा पुढच्या बाजूला खाली ओढून घ्या. पुढची मडगार्डं निघालीच आहेत, वाट मोकळी आहे. गिअरचा दांडा वरून काढा आणि भोकात कापडाचा बोळा कोंबा, नाहीतर गिअरबॉक्समध्ये मुरूम जाईल. ब्रेक आणि क्लचचे पेडल चासीवर असतात, त्यामुळे वरचे पॅड काढायचे आणि फ्लोअरची झाकणं सोडायची. स्टार्टरचं पेडल, ॲक्सिलरेटरची सळई, हँडब्रेक, स्पीडोमीटरची केबल, चोकची तार, ऑइल प्रेशरची बारीक नळी, अर्थिंगची पट्टी.

तापमानाच्या काट्याची नळी कापू नका. ती वायर नाही, आत ईथरसारखा लवकर वाफ होणारा द्रव भरून बंद केलेली असते. इंजिनमधला बल्ब सोडवून नळी गुंडाळून डॅशबोर्डला बांधा. कापली की काटा कायमचा गेला.

माउंटखाली पातळ पत्त्या सापडतील. चार कोपऱ्यांच्या चार पिशव्या, वर मार्करने खूण. त्या मिसळल्या तर नंतर दारं बसत नाहीत आणि दोष बिजागरीला जातो.

जुना_शेवरलेट

घोडीच करतो. दोन शंका. चॅनल कॅबखाली शिरतच नाही, फट इंचभर आहे. आणि दाराखालची पट्टी डावीकडे गंजून चाळणी झाली आहे, स्क्रू ड्रायव्हर आरपार जाते.

फॅब्रिकेशनवाला

चॅनल घालण्यापुरता बॉटल जॅक वापरा. प्रत्येक माउंटजवळ फ्लोअरच्या आडव्या पेटीखाली लाकूड ठेवून एकेक इंच, आळीपाळीने. साडेचार इंच उघडलं की चॅनल सरकवा, वर फळी. भार त्या आडव्या पेट्यांवर घ्या, दाराखालच्या पट्टीवर नाही.

गंजलेल्या बाजूचं दार काढण्याआधी दाराच्या चौकटीला आधार बांधा. 25 मिमीचा चौकोनी पाइप, एक बिजागरीच्या बोल्टांपासून लॉकच्या खांबापर्यंत आडवा, दुसरा कर्णावर. दार आधी काढलं तर उचलताना कॅब मधून उघडते आणि मग दार कधीच नीट लागत नाही. पाइप चासी परत कॅबखाली येईपर्यंत काढू नका, खालची पट्टी त्याच अवस्थेत बदलून घ्या.

लीफस्प्रिंग

सीट आणि टाकी निघाली की वजन पुढे, फायरवॉल-डॅशबोर्डकडे जातं. सारख्या लांबीचे पट्टे लावले तर नाक खाली येणार. दर हुकाला दोन पट्टे, पुढच्या दोन्हींत टर्नबकल (फिरवून लांबी कमी-जास्त करायचा), उचलण्याच्या रेटिंगचा. सामान बांधायचे रॅचेट बेल्ट लटकवायला वापरू नका. पट्टे एक टनी जांभळे पुरतात, पत्र्याच्या कडेला जुन्या ट्यूबचा तुकडा घाला. मे महिन्यात पट्टे बाहेर उन्हात टाकून ठेवू नका, पॉलिएस्टर उन्हाने कमजोर होतं.

पहिली उचल फक्त एक सेंटिमीटर, दोन्ही साखळ्या एकदम, दोघांनी मोजत. मग चारही माउंटवर हात फिरवा. एखादा रबर चिकटलेला असतो. साखळी जड लागते, तरी माणूस ओढत राहतो आणि कोपरा एकदम उसळतो. जड लागली की थांबा, रबरमध्ये पातळ पटाशी घाला. दर सहा इंचांनी पुन्हा एक फेरी, दांडा-तार-नळी काही ताणली जातेय का बघायला.

चासी ढकलताना कॅबखाली कोणी नको, गिअरबॉक्स फायरवॉलखालून जातोय का ते बाजूने वाकून बघायचं. चासी बाहेर आली की कॅब लगेच खाली घेऊन लाकडी घोड्यांवर टेकवा.