ईईजी असताना एमईजी कशाला?

ईईजी म्हणजे मेंदूतल्या विजेच्या सिग्नलचं मोजमाप, एमईजी म्हणजे त्याच विजेमुळे तयार होणाऱ्या चुंबकीय क्षेत्राचं. ईईजी स्वस्तात होतो, मग एमईजी कशाला, असा प्रश्न पडतो. फरक कवटीमुळे पडतो. विजेचा सिग्नल हाडातून येताना पसरतो, चुंबकीय क्षेत्र मात्र जवळपास जसंच्या तसं बाहेर येतं. म्हणून फिट नेमकी कुठून सुरू होते, हे ऑपरेशनआधी शोधायला एमईजीची मोठी मदत होते.

पण हे क्षेत्र पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या तुलनेत दहा कोटी पटींनी, कधी त्याहूनही क्षीण! त्यामुळे सेन्सर द्रवरूप हेलियममध्ये, उणे २६९ अंशांवर. पेशंट खास धातूने मढवलेल्या खोलीत. ब्राचा हूक अंगावर राहिला तरी मोजमाप बिघडतं. भौतिकशास्त्रज्ञ डेव्हिड कोहेन यांनी १९६८ साली तांब्याच्या तारेच्या वेटोळ्याने मेंदूचं हे क्षेत्र टिपलं, याचं मला फार अप्रूप वाटतं. आपल्याकडे बंगळुरूच्या निम्हान्स या मेंदू आणि मनाच्या आजारांवरच्या संस्थेत एमईजीची सोय आहे.