शब्दचर्चा : रडर ‘संवेदनशील’ की ‘हळवा’?

प्रश्न : रेडिओवर उडणाऱ्या कसरतीच्या विमानांवर मराठीत टिपण लिहितोय. रडरची (शेपटीवरच्या उभ्या, हलत्या पट्टीची) सेन्सिटिव्हिटी कशी कमी करायची ते सांगायचंय. ‘सुकाणूची संवेदनशीलता’ असं लिहिलं आणि मलाच हसू आलं; सुकाणू डोळे पुसत बसलंय असं वाटतं. मैदानावर आम्ही सरळ म्हणतो, ‘रडर फार तिखट आहे, जरा मऊ कर.’ छापायला काय चालेल?

प्रतिसाद : सुकाणू आधी काढा. शब्द अरबी ‘सुक्कान’वरून आलेला, बोटीला शोभतो. विमान मात्र वळतं ते मुख्यतः एलेरॉनने (पंखांवरच्या हलत्या पट्ट्यांनी) एका अंगाला कलवून. रडर फक्त नाक डावी-उजवीकडे नेतो. नाइफ-एजमध्ये विमान कुशीवर झालं की तोच रडर नाक वर उचलून धरतो. ‘सुकाणू हाती घेणे’ डोक्यात ठेवून वाचणारा इथे फसणार. रडर म्हणा, पुल्लिंगीच.

प्रतिसाद : शब्दाआधी एक विचारतो, कमी काय करायचंय? हातातल्या ट्रान्समीटरवर दोन सेटिंगं असतात. ड्युअल रेटने रडरचा पल्ला कमी होतो. स्टिक टोकाला नेली तरी रडर थोडाच हलतो. एक्स्पोने (एक्स्पोनेन्शियलने) पल्ला तेवढाच राहतो, फक्त मधल्या भागात चाल मऊ होते. स्टॉल टर्नला, म्हणजे विमान सरळ वर चढवून रडरने वळवून खाली आणायच्या कसरतीला, शेंड्यावर पूर्ण पल्ला लागतो. तिथे रेट कापून ठेवलात तर विमान नीट फिरत नाही, कसंतरी लोळतं. ‘संवेदनशीलता कमी करा’ वाचून माणूस नेमका नको तो आकडा बदलेल. त्यात फुटाबाच्या ट्रान्समीटरवर मऊ करायला एक्स्पो उणे, स्पेक्ट्रमच्या ट्रान्समीटरवर अधिक! चिन्ह चुकलं की मध्य आणखी तिखट. (आणि रेट फारच खाली आणावा लागत असेल, तर सर्व्होच्या (रडर हलवणाऱ्या छोट्या मोटरच्या) हातावर रडरकडे जाणारी दांडी आतल्या भोकात घ्या. ट्रान्समीटरमध्ये पल्ला कापला की सर्व्होची बरीचशी हालचाल वायाच जाते.)

प्रतिसाद : आमच्याकडे कोकणात भात हळवं, निमगरवं आणि गरवं. हळवं लवकर तयार होतं, गरवं सावकाश. जरा हात लागताच उसळतो तो हळवा रडर. रेट कमी केला की गरवा. आयती जोडी आहे, वापरा की.

प्रश्नकर्ता : हळवा घेतला! गरवा मात्र नको. गरवं म्हणजे उशिराचं, आणि कमी रेटचा रडर उशिरा हलत नाही, थोडा हलतो. उशिरा हलला तर तो मंद सर्व्होचा दोष, त्याचं दुखणं वेगळं. पल्ला आणि मध्य हे दोन शब्दही तुमचेच उचलतो. एक्स्पो तसाच राहू दे. ‘घातांकी’ लिहिलं तर लोक वही-पेन शोधतील.

टिपणातलं वाक्य आता असं : ‘रडर हळवा वाटला तर आधी एक्स्पो देऊन मध्य मऊ करा. पल्ल्याला हात लावण्यापूर्वी एक स्टॉल टर्न मारून बघा.’