‘स्वॅम्प’ला सरसकट दलदल म्हणावे का?

प्रश्न : अमेरिकेतल्या फ्लोरिडात मायामीहून नेपल्सला टॅमियामी ट्रेल या रस्त्याने गाडी नेली, त्याचं प्रवासवर्णन लिहायला घेतलंय. तिथे बिग सायप्रसला ‘स्वॅम्प’ म्हणतात, शेजारच्या एव्हरग्लेड्सच्या गवताला ‘मार्श’, आणि मध्येच ‘स्लू’ येतो. मी सगळीकडे ‘दलदल’ लिहीत गेलो. आता वाचताना मजकुराचाच चिखल झालाय. पर्याय सुचवा. ‘ॲलिगेटर’ला सुसर चालेल का?

प्रतिसाद : शासकीय मराठीत ‘पाणथळ’. विषय संपला.

प्रतिसाद : एवढ्यात कसा संपेल? पाणथळात तळ्याचा काठ येतो, खाजण येतं, कांदळवनही येतं. आणि ‘दलदल’ हा शब्द जागेपेक्षा पायाबद्दल जास्त सांगतो. पाय रुतला की दलदल. एव्हरग्लेड्समध्ये गाळाखाली चुनखडीचा खडक आहे, बऱ्याच ठिकाणी फार खोलही नाही. शिवाय पाणी साचलेलं नाही. ओकीचोबी तळ्याच्या बाजूने दक्षिणेकडे ते उथळ, पसरट, अगदी संथ सरकत असतं. १९२८ मध्ये खुला झालेला तुमचा हा रस्ता त्या पाण्याला बांधासारखा आडवा आला. प्रवाह पुन्हा मोकळा व्हावा म्हणून २०१३ मध्ये त्याचा मैलभर भाग पुलावर उचलून घेतला. साचलेल्या डबक्यासाठी असा खटाटोप कोण करेल?

ढोबळ फरक असा : झाडं असतील तर स्वॅम्प, गवत असेल तर मार्श. म्हणून पहिल्याला ‘पाणथळ रान’, दुसऱ्याला ‘गवताळ पाणथळ’. स्लू म्हणजे त्यातली जरा खोल, सरकत्या पाण्याची पट्टी. ‘पाणवाट’ लिहा, ‘ओहोळ’ नको, ओहोळ खळाळतो. आणि तिथलं ‘सॉग्रास’ हे गवतच नव्हे, आपल्या लव्हाळ्याच्या कुळातलं आहे. पात्याच्या कडेला बारीक दात असतात, उघड्या हाताने बाजूला सारायला गेलात तर चरचरून कापतं.

प्रतिसाद : आमच्याकडे सांगली-कोल्हापूर पट्ट्यात ‘चिबड’ म्हणतात. रान चिबडलं की ऊस पिवळा पडतो. (कोकणातल्या चिबडाशी, म्हणजे त्या फळाशी, याचा संबंध नाही.)

प्रतिसाद : शब्द झकास, पण चिबड ही जास्त पाणी पाजून बिघडलेली जमीन. निसर्गतः ओल्या रानाला तो लावणं अन्याय होईल. दोडामार्गात हेवाळे-बांबर्डेला जायफळाच्या कुळातल्या झाडांचं पाणथळ रान आहे, गुडघ्यासारखी मुळं पाण्याबाहेर काढून उभं. बिग सायप्रसमधल्या सायप्रसच्या झाडांनाही तसेच ‘गुडघे’ असतात. हेवाळे-बांबर्डेची माणसं आपल्या रानाला ‘राई’च म्हणतात, पाण्याचा उल्लेखसुद्धा नाही. २०२१ मध्ये त्याला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला.

सुसर मात्र नको. कुठे मगरीला सुसर म्हणतात, कुठे लांब तोंडाच्या घडियालला. दक्षिण फ्लोरिडात तर मगर आणि ॲलिगेटर दोन्ही आहेत. रुंद, बोथट तोंड ॲलिगेटरचं. मगरीचं तोंड निमुळतं, आणि ते मिटलं तरी खालचा दात बाहेर दिसतो. ‘ॲलिगेटर’च ठेवा.

प्रश्नकर्ता : पटलं. सावधगिरीचा परिच्छेदही आहे : ‘दलदलीत फसू नये म्हणून काठी बाळगावी.’ हे ठीक?

प्रतिसाद : नाही. ‘फसणे’ने सिनेमातला वाळूत गडप होणारा खलनायक आठवतो. खरा धोका चुनखडीतल्या खळग्यांचा. गढूळ पाण्याखाली ते दिसत नाहीत आणि घोटा मुरगळतो. काठी पुढची जमीन चाचपायला. तेव्हा ‘प्रत्येक पाऊल टाकण्याआधी काठीने तळ चाचपावा’. सोबत लेसचे बूट, लांब पँट आणि पहिल्या खेपेला वनरक्षकाबरोबरची फेरी, एवढं लिहा. ॲलिगेटरपासून किमान १५ फूट लांब राहायचं आणि त्याला खाऊ घालायचं नाही, हेही. खाऊ घालणं फ्लोरिडात गुन्हा आहे, कारण खायला मिळालं की तो माणसाला बिचकेनासा होतो. उन्हाळ्यात जाणार असतील तर दुपारच्या विजा आणि डास. हिवाळ्यात पाणी उतरतं, चालणं सोपं.

एक गंमत टाकाच : एव्हरग्लेड्स राष्ट्रीय उद्यानातल्या रॉयल पाम या ठिकाणच्या वाहनतळावर काळी गिधाडं गाड्यांचं रबर कुरतडतात, म्हणून तिथे गाडीवर टाकायला ताडपत्र्या ठेवलेल्या असतात.

प्रश्नकर्ता : सुधारलेलं वाक्य : ‘गाडी कडेला लावून आम्ही बिग सायप्रसच्या पाणथळ रानात शिरलो.’

प्रतिसाद : पाणी गुडघ्याएवढं होतं ना? मग ‘उतरलो’ करा.